पहिला टोमॅटो कधी तोडायचा, कुठे ठेवायचा आणि कसा खायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात गच्चीवर, कुंड्यांमध्ये सप्टेंबरात लावलेल्या रोपांवर आता डिसेंबरात पहिले टोमॅटो रंग धरू लागलेत. ते झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावेत की आधी काढून घरात पिकवावेत? दोन फळं बुडाशी काळी पडली आहेत आणि काहींचे देठाजवळचे खांदे पिवळेच राहिलेत, ते कशामुळे? आणि घरातल्या सगळ्यांना चव मिळावी म्हणून पहिली चार-पाच फळं जमेपर्यंत फ्रिजमध्ये साठवली तर चालतील का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे चुकलं तर तीन महिन्यांची मेहनत बेचव होऊन ताटात पडते. पहिले टोमॅटो साठवू नका, आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. एकच पिकला असेल तर त्याच्या सहा फोडी करा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक द्या. आधी देवापुढे ठेवायची पद्धत असेल तर जरूर ठेवा, तासाभराने काही बिघडत नाही. पण तोडलेला टोमॅटो त्याच दिवशी खाल्ला गेला पाहिजे. चव टिकवून ठेवता येत नाही, हे एवढं मनात धरलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

आता पिकण्याबद्दल. फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला आपल्याकडे साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. चेरी टोमॅटोला कमी, मोठ्या गरदार जातींना जास्त. यातला बराच काळ फळ नुसतं वाढत असतं. मग ते पूर्ण आकाराला येतं आणि तसंच हिरवं राहतं. पहिल्यांदा टोमॅटो लावणारे इथेच अस्वस्थ होतात. कोणी खत वाढवतं, कोणी फळावर ऊन पडावं म्हणून पानं छाटतं. पण त्या दिवसांत फळाच्या आत खूप काही चाललेलं असतं. बिया पक्क्या होत असतात, त्यांच्याभोवती बुळबुळीत गर तयार होत असतो आणि फळ स्वतःच इथिलीन वायू सोडू लागतं. या वायूमुळे हिरवा रंग ओसरतो, लाल रंग भरतो, आंबटपणा उतरतो, गर मऊ होतो आणि वास तयार होतो. बाहेरून पहिली खूण दिसते ती फळाच्या बुडाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला. हिरव्यावर एक फिकट, पिवळसर-गुलाबी झाक येते. तिथून पूर्ण लाल व्हायला उबदार हवेत आठवडाभर पुरतो, थंडीत जास्त दिवस लागतात.

पिकायला फळावर ऊन पडावं लागत नाही, उबदार हवा लागते. म्हणून पानं छाटू नका. फळाला लागणारी साखर पानांतच बनते, आणि पानांची सावली गेली की कोवळ्या सालीवर उन्हाचा पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. जमिनीला किंवा मातीला टेकणारी, पिवळी पडलेली किंवा करप्याचे गोल डाग आलेली खालची पानं तेवढी काढा. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, वाढल्या असतील तर त्याही खुडा, म्हणजे झाडात हवा खेळेल. यापलीकडे कात्री बाजूला ठेवा.

डिसेंबरातल्या पुण्याच्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, त्यामुळे तुमची फळं सावकाश रंगतील. याची काळजी करू नका. मला तर हा सगळ्यात चांगला हंगाम वाटतो. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन साधारण ३० अंशांच्या वर नीट बनत नाही. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचे टोमॅटो नारिंगी होऊन थांबतात आणि कितीही वाट पाहिली तरी तो गडद लाल रंग येत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश आणि स्वच्छ ऊन असतं, त्यात फळ हळूहळू पिकतं आणि रंगही पूर्ण उतरतो. कोकणात किंवा गोव्यात बाग असेल तर रात्री इतक्या गार होत नाहीत, तिथे हाच टप्पा लवकर उरकतो आणि फळाकडे रोज लक्ष ठेवावं लागतं.

झाडावर पिकवायचं की घरात? बाजारात येणाऱ्या टोमॅटोचं आधी पाहू. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून माल शेकडो किलोमीटर लांबच्या शहरांत जातो. तो क्रेटमध्ये एकावर एक रचला जातो आणि ट्रकमध्ये हेलकावे खात पोहोचतो. पूर्ण लाल टोमॅटो हा प्रवास सोसत नाही. म्हणून शेतकरी लांबच्या बाजारासाठी नुकता रंग फुटलेला माल तोडतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. शिवाय लांब वाहतुकीसाठी निवडलेल्या बहुतेक संकरित जाती जाड सालीच्या आणि घट्ट गराच्या असतात. तुमच्या टोमॅटोला गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत एवढाच प्रवास करायचा आहे. तेव्हा जिथे शेतकऱ्याला थांबता येत नाही, तिथे तुम्ही थांबा. घरच्या बागेचा खरा फायदा या शेवटच्या पाच-सहा दिवसांत आहे.

हापूस तयार झाल्यावर हिरवाच उतरवून आढीत घालतात आणि तो तिथे उत्तम पिकतो. टोमॅटोही रंग फुटल्यानंतर तोडला तर घरात लाल होतो, खाण्याजोगाही होतो. पण झाडाकडून येणारी साखर तोडल्या क्षणी थांबते. निम्मा गुलाबी झालेला टोमॅटो घरात पिकवला तर फरक थोडाच जाणवतो. नुकता रंग फुटलेला तोडला तर जास्त जाणवतो. आणि पूर्ण हिरवा, आतून तयार न झालेला तोडला तर तो लाल झाला तरी पाणचट लागतो. म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या घोसातली फळं शक्य तोवर झाडावर ठेवा, पण पक्षी किंवा पाऊस यायची चिन्हं दिसली की निम्म्या रंगावर बिनधास्त काढा.

पक्ष्यांचं सांगायचं तर पुण्यातल्या गच्च्यांवर बुलबुल हा पहिला ग्राहक असतो. लाल रंग दिसला की तो चोच मारून बघतो आणि अर्धं फळ तसंच सोडून जातो. खारही येते. सगळ्या झाडावर जाळी टाकायची तसदी घेऊ नका; जुन्या मलमलीच्या किंवा पातळ ओढणीच्या छोट्या पिशव्या शिवून रंग धरलेल्या घोसाला बांधा. हवा जाते, ऊन जातं, चोच जात नाही. बांधण्याआधी प्रत्येक फळ देठाजवळ नीट बघा. तिथे बारीक भोक आणि बाजूला ओलसर विष्ठा दिसली तर आत फळ पोखरणारी अळी आहे, ते फळ काढून नष्ट करा. पानांवर वेड्यावाकड्या पांढुरक्या जाड रेघा आणि सुकलेले चट्टे असतील तर टुटा नागअळीचा संशय घ्या. दक्षिण अमेरिकेतली ही कीड भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये महाराष्ट्रातच नोंदली गेली आणि आता गच्चीवरही येते. अशी पानं तोडून पिशवीत बांधून फेकून द्या, कंपोस्टमध्ये घालू नका.

तोडायची वेळ डोळ्यांवर सोडू नका. रंग पूर्ण भरल्यावरही एक-दोन दिवस थांबा. मग फळ तळहातावर घेऊन अंगठ्याने अगदी हलकं दाबा. सगळीकडून सारखं, किंचित लवचिक लागलं पाहिजे. बोट रुतत असेल तर उशीर झाला. वास घ्यायचा तो बुडाकडून. देठाजवळ जो झणझणीत हिरवा वास येतो आणि हाताला चिकटून बोटं पिवळी-हिरवी करतो, तो पानांवरच्या आणि देठावरच्या बारीक केसांचा असतो. तो कच्च्या फळाजवळही तेवढाच येतो, त्याच्यावरून पिकल्याचं कळत नाही. तोडताना ओढू नका. देठावर फळापासून थोड्या अंतरावर एक फुगीर गाठ असते. तिथे अंगठा टेकवून फळ वर उचललं की ते सहज सुटतं आणि घोसातल्या बाकीच्या फळांना धक्का बसत नाही.

लगेच खायचा असेल तर दुपार कलल्यावर तोडा. उन्हात तापलेल्या फळाचा वास मोकळा असतो आणि टोमॅटोच्या चवीतला मोठा भाग वासाचाच असतो. जीभ फक्त गोड आणि आंबट सांगते. हा टोमॅटो आहे हे नाक सांगतं.

म्हणूनच फ्रिजबद्दल मी इतका आग्रह धरते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर सात दिवस ठेवून तपासले. साखर आणि आम्ल जवळपास तसंच राहिलं, पण वास देणारे पदार्थ बरेच घटले. फळ परत बाहेर आणून ठेवलं तरी ते पूर्ण भरून आले नाहीत. साधारण १२ अंशांखाली हे पदार्थ बनवणारी जनुकं मंदावतात, हे त्यांनी दाखवलं. फ्रिजमधला टोमॅटो आंबट आणि पाणचट का लागतो, त्याचं कारण हेच. कापून उरलेला अर्धा तुकडा अर्थातच फ्रिजमध्ये ठेवा, तिथे चवीपेक्षा तो खराब होऊ न देणं महत्त्वाचं.

अख्खी फळं ओट्यावर किंवा परातीत, एकाच थरात, देठाची बाजू खाली करून ठेवा. टोमॅटोच्या गुळगुळीत सालीतून पाणी फारसं जात नाही; ते जातं देठाच्या खुणेतून, आणि बुरशीही तिथूनच शिरते. ती बाजू खाली टेकली की फळ दोन दिवस जास्त टिकतं. खिडकीतल्या उन्हात ठेवायची गरज नाही. निम्म्या रंगावर काढलेली फळं लवकर लाल करायची असतील तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून येणारं इथिलीन ते काम करतं.

बुडाशी काळी पडलेली दोन फळं. हा रोग नाही, झाडावरून झाडावर पसरत नाही, आणि त्यावर कुठलंही औषध फवारू नका. फळाच्या त्या टोकापर्यंत वाढीच्या काळात चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचलेलं नसतं. मातीत ते बहुतेक वेळा पुरेसं असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिंब, असं झालं की पुरवठा तुटतो आणि त्याचा पहिला फटका फळाच्या टोकाला बसतो. पहिल्या घोसाला हे जास्त होतं, कारण तेव्हा पानं झपाट्याने वाढत असतात आणि बहुतेक पाणी तेच ओढून घेतात. अंड्याची टरफलं घालून हे लगेच थांबत नाही. ती मातीत विरघळायला महिने लागतात. ती पुढच्या हंगामासाठी घाला. आत्ता करायचं ते एवढंच: ही दोन फळं काढून टाका, रोज सकाळी ठरावीक वेळी पाणी द्या, आणि मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं दोन बोटं जाड आच्छादन घाला. कुंडी निदान १५-२० लिटरची असावी. त्याहून लहान असेल तर दुपारपर्यंत ती सुकणारच, मग तुम्ही कितीही काळजी घ्या. नत्रयुक्त खत, त्यात शेणखताचं पाणीही आलं, आता थांबवा. जास्त नत्राने पानं माजतात आणि हा त्रास वाढतो.

पिवळ्या खांद्यांचं थोडं वेगळं आहे, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच खुणेवरून लोक चांगला टोमॅटो नाकारतात. खांदे दोन प्रकारचे असतात. जुन्या, गावठी जातींत कच्च्या फळाचे खांदे गडद हिरवे असतात आणि पिकताना ते सगळ्यात शेवटी रंगतात. बाजाराला एकसारखा रंग हवा म्हणून विसाव्या शतकात पैदासकारांनी ही खूण जवळजवळ काढूनच टाकली आणि कच्चं फळ वरपासून खालपर्यंत एकसारखं फिकट हिरवं असणाऱ्या जाती निवडल्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी याच्या मागचं जनुक शोधलं. ते जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवतं, त्यामुळे फळ स्वतःही थोडी साखर बनवतं. एकसारख्या रंगाच्या हव्यासात ते जनुक निकामी झालेल्या जाती निवडल्या गेल्या आणि त्याबरोबर गोडीही थोडी गेली. तेव्हा तुमची जात जुनी असेल आणि खांदा हिरवट पण मऊ असेल तर ते फळ आनंदाने खा.

दुसरा प्रकार म्हणजे घट्ट, पिवळा, कापल्यावर आत पांढरट आणि कडक लागणारा खांदा. तो कडक ऊन आणि पालाशची, म्हणजे पोटॅशियमची, कमतरता यांनी येतो. एवढा भाग कापून टाका, खालचं फळ उत्तम असतं. पालाशसाठी लाकडाची चाळलेली राख प्रत्येक कुंडीला चमचाभर, पंधरा दिवसांतून एकदा, मातीत मिसळून द्या. याहून जास्त नको, राखेने मातीचा अल्कपणा वाढतो. केळ्याच्या सालीचं पाणी सगळेजण सुचवतात. त्यातून मिळणारं पालाश फार थोडं असतं, मी त्यावर वेळ घालवत नाही.

आणि अवकाळी पावसाचं भाकीत असेल तर पिकत आलेली फळं आदल्या संध्याकाळीच उतरवा. कोरड्या मातीत अचानक पाणी आलं की गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फळ तडकतं. तडकलेलं फळ वाया जात नाही, फक्त त्याच दिवशी खायचं.

आता खाण्याकडे. पहिल्या टोमॅटोला फोडणी देऊ नका, साखर-दही घालू नका, त्याची चटणीही करू नका. धारदार सुरीने आडवा कापा, म्हणजे सगळे कप्पे उघडतात, आणि वर मीठ भुरभुरा. दोन-तीन मिनिटं थांबा. मीठ रस बाहेर काढतं आणि ताटलीत जमलेला तो रसही चाटूनपुसून घ्यायचा असतो. बियांभोवतीचा गर कोणी चमच्याने काढून टाकत असेल तर त्याला थांबवा. टोमॅटोचा आंबटपणा आणि ती तोंडाला पाणी आणणारी खोल चव, जिच्यामुळे टोमॅटो घातला की आमटीला रंगत येते, त्या गरातच जास्त असते. गर काढून उरलेल्या भिंती गोडसर असतात, पण एकट्या सपक लागतात. बरोबर काही हवंच असेल तर ज्वारीची गरम भाकरी पुरे.

दुसऱ्या आठवड्यात चार-पाच फळं एकदम येऊ लागली की कोशिंबीर करा: मोठ्या फोडी, दाण्याचं जाडसर कूट, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर, एखादी हिरवी मिरची. जानेवारीत घोसच्या घोस पिकतात, तेव्हा सार. घरच्या पिकलेल्या टोमॅटोच्या साराला रंगासाठी बीट घालावं लागत नाही आणि गूळही नेहमीच्या निम्मा पुरतो. आधी चाखून मग घाला. हंगामाच्या शेवटी झाडावर राहिलेले हिरवे टोमॅटो तीळ, दाणे, लसूण, हिरवी मिरची यांच्याबरोबर तेलावर परतून त्यांची चटणी वाटा. हिरवी फळं कच्ची मात्र खाऊ नका, शिजवूनच वापरा.

पुढच्या वर्षी कुठली जात लावावी हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिला टोमॅटो खाल्ल्यावर विचाराल, म्हणून सांगून ठेवते. पुसा रुबी ही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची जुनी सरळ, म्हणजे संकरित नसलेली, जात घरच्यासाठी मला आवडते. पातळ साल, भरपूर रस, ठसठशीत आंबटगोड चव. बाजारात ती टिकणार नाही, पण तुम्हाला ती टिकवायची नाहीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या भाग्यश्री आणि धनश्री याही आपल्या हवेत रुळलेल्या आहेत. शेजारपाजारी पांढऱ्या माशीमुळे पानं चुरडण्याचा विषाणू दरवर्षी येत असेल तर बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेची अर्का रक्षक घ्या. ती पानं चुरडणं, मर रोग (झाड कोमेजून मरणं) आणि करपा या तिन्हींना दाद देत नाही. पण ती संकरित आहे, तिचं बी धरून उपयोग नाही.

सरळ जातीचं बी मात्र जरूर धरा, आणि त्यासाठी पहिली फळं खर्ची घालू नका. ती खा. बी दुसऱ्या-तिसऱ्या घोसातल्या, सगळ्यात निरोगी झाडावरच्या, पूर्ण पिकून मऊ झालेल्या फळाचं घ्या. गरासकट बी वाटीत काढून थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वर साय आली की चोळून धुवा, तळाशी बसलेलं बी कागदावर सावलीत वाळवा. नीट वाळलेलं बी कोरड्या बाटलीत तीन-चार वर्षं उगवतं.

उन्हाळ्यातही टोमॅटो हवे असतील तर त्यासाठी थोडं बी याच आठवड्यात पेरा. रोपं जानेवारीच्या मध्यात कुंडीत गेली तर मार्चचं ऊन कडक व्हायच्या आत फुलं धरतील. पारा पस्तिशीच्या वर गेला की पराग निकामी होतो आणि फुलं नुसतीच गळतात; तेव्हा उशिरा लावलेली झाडं जगतात, पण फळ देत नाहीत. फुलं आल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारत जा. गच्चीवर भुंगे कमी येतात, आणि टोमॅटोचा पराग हलवल्याशिवाय सुटत नाही.